विमानाचा रेडिओ कोणाच्या हाती द्यावा?

हिमायतनगरच्या वाचकाला विमानातल्या रेडिओशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. आमच्या तालुक्यातून मुदखेड-आदिलाबादची रेल्वे जाते. विमान जाते ते डोक्यावरून. कापूस, सोयाबीन, जिनिंग, बोअरच्या मोटारी आणि खताचे भाव एवढ्यातच येथील व्यापाऱ्याचे वर्ष सरते. तथापि गेल्या ईदला आमच्याकडे एक कागद आला आणि त्यावर दोन-तीन बैठका झाल्या, म्हणून या पानावर आज हा विषय घेत आहोत.

कागद आणणारा तरुण येथीलच. त्याचे मामू बाजारात रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पुढे टीव्ही दुरुस्त करीत. सोल्डरिंगचा वास त्याला लहानपणापासून ओळखीचा. तो हैदराबादला विमान देखभालीचे शिक्षण घेऊन गेला, परीक्षा दिल्या आणि आता त्याच्याकडे 'बी-२' वर्गाचे लायसन्स आहे. हा वर्ग म्हणजे विमानातील विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा, ज्याला त्या धंद्यात एव्हिऑनिक्स म्हणतात. पूर्वी आपल्याकडे विद्युत, उपकरणे आणि रेडिओ यांची लायसन्से वेगवेगळी असत. आता नव्या पद्धतीत ती एका वर्गात आली आहेत. त्याच्या ओळखीच्या चार भागीदारांनी मिळून एक जुने सेसना १७२ विमान घेतले आहे. चौघांपैकी एक आपल्याच भागातील जिनिंगवाले. त्यांचा मुलगा नुकताच खाजगी वैमानिकाचे लायसन्स घेऊन आला आहे आणि विमान मुख्यतः तोच चालविणार आहे.

विमानाचे इंजिन चांगले आहे. पण आतील डॅशबोर्ड, म्हणजे पॅनेल, जुन्या काळचा. एक रेडिओ मध्येच बंद पडतो, दुसऱ्यात खरखर. भागीदारांनी तीन ठिकाणांहून भाव मागविले आणि तिन्ही कोटेशने या तरुणाच्या हाती दिली. त्याने मामूंना दाखविली. मामू ती घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही व्यापारावर लिहिता ना, मग सांगा आता."

आम्हांला विमान कळत नाही, हे आम्ही त्यांना आधीच सांगितले. पण कोटेशन कळते. कोटेशनात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, हे पाहण्याची सवय या धंद्यात लागतेच. बाकीचे त्या तरुणाने समजावून दिले.

आधी विमानाविषयी दोन शब्द. सेसना १७२ हे १९५६ पासून बनत आलेले चार आसनी, एक इंजिनाचे विमान. आजवर ४४ हजारांहून अधिक बनले. जगात दुसरे कोणतेही विमान एवढ्या संख्येने बनलेले नाही. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतून आणि वैमानिक शिकविणाऱ्या संस्थांतून तेच किंवा त्याचा धाकटा भाऊ १५२ दिसतो. याचा फायदा असा की सुटे भाग आणि माहिती मुबलक. तोटा असा की साठ-सत्तर वर्षांच्या काळात त्यात नाना प्रकारची वायरिंग झाली. जुन्या विमानांत वीजप्रवाह १४ व्होल्टचा, नंतरच्यांत २८ व्होल्टचा. एखाद्याने स्वस्तात मिळाला म्हणून २८ व्होल्टचा डबा आणला आणि विमान १४ व्होल्टचे निघाले, तर तो डबा कपाटात ठेवावा लागतो.

जुन्या पॅनेलवर मुख्य घड्याळे सहा: वेग, उंची, चढ-उताराचा दर, वळण, दिशा आणि विमान क्षितिजाशी किती कलले आहे ते. शेवटची दोन बहुधा इंजिनावरच्या एका हवा खेचणाऱ्या पंपावर चालतात. पंप बसला की ती दोन्ही घड्याळे हळूहळू खोटे सांगू लागतात. एकदम बंद पडली तर वैमानिक सावध होतो. हळूहळू खोटे सांगितले तर ढगात सापडलेला नवशिका वैमानिक त्यांच्यावर विश्वास ठेवून विमान कलवत जातो. जिनिंगवाल्यांच्या मुलाच्या जिवाशी जोडलेली गोष्ट ही आहे. रेडिओची खरखर नव्हे. तिन्ही कोटेशनांपैकी एकातच या पंपाचा उल्लेख होता.

पहिले कोटेशन सर्वांत स्वस्त. ते दुकानाचे नव्हते, माणसाचे होते. स्वतः हँगरवर येऊन काम करून देतो, परदेशातून वापरलेले पण चालू डबे मागवितो, आठ दिवसांत विमान मोकळे, असे त्याचे म्हणणे. माणूस हुन्नरी आहे, हे त्या तरुणानेही कबूल केले. मामूंना तर तोच पसंत पडला. आयुष्यभर त्यांनी स्वतः असेच काम केले. "हात चांगला असला की कागद कशाला?" हा त्यांचा सवाल.

या सवालाला आम्ही हसण्यावारी नेले नाही, कारण आपल्या भागातील अर्धा कारागीर वर्ग याच सवालावर अडून बसला आहे. मोटार रिवाइंडिंग करणारा, डिझेल पंप बांधणारा, वेल्डर, यांच्या हातात कसब आहे आणि कागद नाही, म्हणून मोठे काम त्यांच्याकडे येत नाही. कागद मागणारा अधिकारी त्यांना शत्रू वाटतो. पण विमानाच्या धंद्यात कागद हा कामाचाच भाग आहे. भारतात विमानावर काम करणाऱ्या संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, 'सीएआर-१४५' ही मान्यता लागते. काम झाल्यावर लायसन्सधारी इंजिनिअर सही करतो आणि त्या सहीशिवाय विमान उडविणे बेकायदा. दरवर्षी विमानाची उड्डाणयोग्यता तपासली जाते, तेव्हा तपासणारा माणूस पॅनेलवरचा प्रत्येक नवा डबा आणि त्याचा कागद ताडून पाहतो. डबा आहे आणि कागद नाही, तर विमान तेथेच थांबते. स्वस्त कोटेशनातील बचत मग हँगरच्या भाड्यात जाते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न सहीचाच करते.

त्या कारागिराने सही कोणाची घेणार, हे लिहिलेच नव्हते. विचारले तेव्हा "ती व्यवस्था होते" असे उत्तर आले. आमच्या मते हे उत्तर मिळताच कोटेशन घडी घालून ठेवावे.

हुन्नर आणि कागद यांच्या झगड्यात हुन्नरच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडले आणि उड्डाणाची परवानगी हाती यायला २०१९. विमान बांधणे जितके कठीण तितकाच कागद कठीण, ही तक्रार खोटी नाही. पण यादव यांनीही शेवटी नोंदणी आणि परवानगी घेऊनच पुढचे पाऊल टाकले, वाट काढून कागद चुकविला नाही.

दुसरे कोटेशन मोठ्या शहरातील मोठ्या घराचे. कागद गुळगुळीत, रंगीत चित्रे, सहा घड्याळांच्या जागी दोन काचेचे पडदे, ऑटोपायलट, हवामानाची माहिती, सर्व काही. पाहणाऱ्याचे डोळे दिपतील. भागीदारांतील दोघे याच्या बाजूने होते. किंमत विमानाच्या किमतीला जाऊन भिडत होती, पण मोठ्या घराचे नाव पाहून त्यांना ती पटत होती.

येथे आम्हांला शंका आली ती निराळीच. या घराचे मुख्य गिऱ्हाईक कोण? देशात विमान दुरुस्तीचा धंदा आता वाढतो आहे, यात वाद नाही. सरकारने १ एप्रिल २०२० पासून या कामावरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला आणि १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवरही, काही अटींसह, सरसकट ५ टक्के एकात्मिक जीएसटी ठेवला. नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियाच्या मोठ्या विमानांचे हँगर उभे राहिले, इंडामेरनेही तेथे जम बसविला. १९५१ पासून या धंद्यात असलेली एअर वर्क्स ही कंपनी घेण्याचा सौदा अदानी समूहाने २०२४ च्या डिसेंबरात सुमारे ४०० कोटींच्या मूल्यावर जाहीर केला. हे सर्व देशासाठी चांगलेच. परंतु हा पैसा बोइंग आणि एअरबससाठी येतो आहे, लष्करी विमानांसाठी येतो आहे. चार आसनी सेसनासाठी कोणी हँगर बांधीत नाही. ज्या दुकानात व्यापारी जेट उभे राहते तेथे सेसना कोपऱ्यात ढकलले जाते, हे समजायला विमानाचे ज्ञान लागत नाही. हंगामात मोठ्या जिनिंगच्या गाड्या रांगेत असल्या की दोन क्विंटल कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे काय होते, हे आमच्या वाचकांनी पाहिले आहे. त्या शेतकऱ्याला कोणी वाईट वागवीत नाही. फक्त त्याची पाळी येत नाही.

म्हणून त्या तरुणाला आम्ही सुचविले की मोठ्या घराला एकच विचार: गेल्या दोन वर्षांत साडेपाच टनांखालची किती विमाने केली, आणि त्यांतील सर्वांत उशिरा सुटलेले किती दिवसांनी सुटले. त्याने विचारले. उत्तर पंधरा दिवसांनी आले आणि त्यात आकडा नव्हता.

मान्यतेच्या कागदातही बारकावे आहेत. हे आम्हांला नवे होते, वाचकांनाही नवे असेल. 'मान्यताप्राप्त' हा शब्द पाटीवर असला म्हणजे सर्व कामे करता येतात असे नाही. विमानावर काम करण्याची मान्यता वेगळी आणि विमानातून काढलेला डबा उघडून दुरुस्त करण्याची वेगळी. ५,७०० किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या विमानांसाठी 'ए-२' हा वर्ग आहे. रेडिओ आणि दिशादर्शक यंत्रांच्या डब्यांसाठी 'सी-३', दर्शक उपकरणांसाठी 'सी-१३', ऑटोपायलटसाठी 'सी-२'. दुकानाकडे पहिला वर्ग आहे आणि बाकीचे नाहीत, तर ते डबा बसवून देईल. तो बिघडला की काढून दुसरीकडे, बहुधा परदेशात, पाठवील. त्यात गैर काही नाही, पण ते आधी कळले पाहिजे. डबा सातासमुद्रापार गेला, कस्टममध्ये अडकला आणि त्या काळात पॅनेलवर भोक राहिले, तर विमान जमिनीवरच. अशा वेळी बदली डबा मिळणार का, हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा आहे.

या बाबतीत आमचा स्वतःचा अनुभव सांगण्यासारखा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या छापखान्यातील ऑफसेट मशीनचे कंट्रोल कार्ड बदलायचे होते. एका विक्रेत्याने नवे, अद्ययावत कार्ड स्वस्तात बसवून दिले. मशीन पूर्वीपेक्षा वेगाने चालू लागले, आम्ही खुशीत होतो. सात महिन्यांनी कार्ड गेले. विक्रेता म्हणाला, कार्ड कंपनीचे आहे, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, आमच्या अधिकृत माणसाने बसविलेले नाही, वॉरंटी नाही. जुने कार्ड आम्ही भंगारात दिले होते. तीन आठवडे अंक दुसऱ्याच्या छापखान्यात छापून घेतला आणि त्याचे बिल अजून आमच्या फाइलीत आहे. विमानाच्या उपकरणांचेही अनेक कंपन्यांत असेच आहे. अधिकृत डीलरने बसविले तरच वॉरंटी. वापरलेला डबा तर मुळातच वॉरंटीबाहेर.

परदेशी बनावटीचा डबा परदेशी सरकारने मान्य केला आहे, एवढ्याने आपल्याकडे काम भागत नाही. विमानाच्या मूळ रचनेत बदल करायचा तर त्या बदलाला पूरक मान्यता लागते. त्या मान्यतेच्या यादीत आपल्या विमानाचे नेमके मॉडेल आहे का, आणि ती डीजीसीएने स्वीकारली आहे का, हे दुकानदाराने कोटेशनासोबतच लिहून द्यावयास हवे. रेडिओ बसविला म्हणजे केंद्राच्या दूरसंचार खात्यातील वायरलेस शाखेचा परवाना आला. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारा डबा, नवा बसविला तर त्यात विमानाचा ठरलेला सांकेतिक क्रमांक भरावा लागतो. तो चुकला तर हवाई नियंत्रकाच्या पडद्यावर आपले विमान दुसऱ्याच्या नावाने दिसेल. नवे डबे बसले, जुन्या तारा निघाल्या म्हणजे विमानाचे वजन आणि तोल बदलतो. तो पुन्हा मांडावा लागतो. होकायंत्राजवळ नवी वीजवाहक तार गेली तर होकायंत्र खोटे दाखवते, म्हणून विमान निरनिराळ्या दिशांना उभे करून ते पुन्हा जुळवावे लागते. पहिल्या कोटेशनात यांपैकी एकही काम नव्हते. दुसऱ्यात 'इतर खर्च प्रत्यक्षानुसार' अशी एक ओळ होती. अशा एका ओळीत काय काय मावते, ते घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

संकटकाळी आपोआप संदेश पाठविणाऱ्या यंत्राची गोष्ट तर निराळीच. विमान पडले की हे यंत्र आपोआप चालू होते. जुनी यंत्रे १२१.५ मेगाहर्ट्झवर ओरडत. उपग्रहांनी ती लहर ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. आता उपग्रह ऐकतात ते ४०६ मेगाहर्ट्झवर. म्हणजे जुने यंत्र ज्या विमानात आहे ते किनवटच्या जंगलात उतरले तर जवळून जाणाऱ्या विमानाने किंवा एखाद्या केंद्राने योगायोगाने ऐकले तरच पत्ता लागणार. नवे यंत्र बसविले तरी त्याची नोंद बंगळूरच्या इस्रोच्या केंद्रात केली पाहिजे, नाहीतर संदेश येईल पण तो कोणाचा हे कळायला वेळ जाईल. भागीदारांच्या विमानात यंत्र होते. कोणते आहे, हे चौघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. तरुणाने शेपटीकडचे झाकण उघडून पाहिले. जुनेच निघाले, बॅटरीची मुदतही संपलेली. पहिल्या दोन्ही कोटेशनांत ते बदलण्याचा उल्लेख नव्हता, कारण भागीदारांनी तो मागितला नव्हता. गिऱ्हाइकाने मागितले तेवढेच देणारे दुकान आणि गिऱ्हाइकाला न सुचलेले दाखवून देणारे दुकान, यांतला फरक मामूंना लगेच पटला. रेडिओ दुरुस्तीला आला की मागचे झाकण उघडून ते आधी मेन्सची वायर पाहत, असे त्यांनीच सांगितले.

तिसरे कोटेशन या दोहोंच्या मधले. दुकान लहान, पण मान्यतेचे. लहान विमानेच करणारे. भाव पहिल्याच्या दुपटीच्या आसपास, दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी. चित्रे नव्हती. पहिल्याच पानावर लिहिले होते की विमान प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अंतिम भाव देणार नाही, आणि पाहण्याचे पैसे लागतील. दोन भागीदारांना याचाच राग आला. पाहण्याचे पैसे? डॉक्टर तपासणीचे घेतो त्याचा कोणाला राग येत नाही, हे आम्ही त्यांना कळविले.

या दुकानाने सुचविले ते असे: आधी सर्व जुन्या, बंद पडलेल्या तारा काढायच्या, त्यांवर ठिगळ लावायचे नाही. चांगला रेडिओ, ऑडिओ पॅनेल, नवा ट्रान्सपॉन्डर, ४०६ चे यंत्र. त्या पंपावरच्या दोन घड्याळांच्या जागी स्वतःची बॅटरी असलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे, म्हणजे पंपाचा प्रश्नच मिटला. उपग्रहावर चालणारे दिशादर्शक यंत्र, पण जुना जमिनीवरील केंद्रे ऐकणारा रिसिव्हरही ठेवायचा. ऑटोपायलट आता नाही. तारा मात्र अशा टाकायच्या की पुढे बसविता येईल.

शेवटच्या दोन मुद्द्यांवर थोडे लिहिणे भाग आहे. आपल्या देशाने गगन नावाची यंत्रणा उभारली, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून. जीपीएसचे संकेत ती अधिक अचूक करते. २०१५ च्या एप्रिलपासून उंचीचे मार्गदर्शन देऊन उतरविण्यासाठीही ती प्रमाणित झाली आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये राजस्थानातील किशनगढला इंडिगोचे एटीआर विमान तिच्या आधारे उतरले. याचा खरा लाभ लहान धावपट्ट्यांना आहे, कारण तेथे जमिनीवर महागडी यंत्रणा उभारावी लागत नाही. आमच्या मराठवाड्यातील धावपट्ट्यांसारख्या ठिकाणी ही गोष्ट उपयोगाची आहे. तेव्हा आज डबा घेताना गगन वापरू शकणारा घेणे शहाणपणाचे. पण नुसत्या उपग्रहावर विसंबू नये. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्ली विमानतळाच्या परिसरात विमानांना जीपीएसचे खोटे संकेत मिळाल्याचे सर्वांनी वाचले. जुना रिसिव्हर ठेवा म्हणणारे दुकान म्हणूनच आम्हांला जाणते वाटले. नव्या वस्तू विकणारा जुनी वस्तू ठेवा म्हणतो, हे बाजारात रोज ऐकू येत नाही.

आणखी एक खर्च कोणीच सांगत नाही. दिशादर्शक डब्यातील नकाशाची माहिती दर २८ दिवसांनी नवी होते आणि तिचे वार्षिक शुल्क असते. पडदे जितके जास्त, शुल्क तितके जास्त. विमान महिन्याला चार तास उडणार असेल तर या शुल्काचा प्रत्येक तासावर किती बोजा पडतो, हे भागीदारांनी कधी मोजले नव्हते. तरुणाने पाटीवर मांडून दाखविले, तेव्हा काचेच्या दोन पडद्यांचा आग्रह जरा ओसरला.

तो तरुण तिसरे दुकान पाहायलाही गेला. आम्ही त्याला सांगितले होते की कार्यालयात चहा घेऊ नकोस, आधी मागे जा. तारेच्या टोकाला पिन दाबून बसविण्याची जी पक्कड असते तिच्यावर तपासणीच्या तारखेची चिठ्ठी चिकटविलेली असते; ती मुदतीतली होती. एका विमानाचे पॅनेल उघडे होते. तारा एकमेकींना घासू नयेत अशा बांधलेल्या, प्रत्येकीवर क्रमांक. हँगरच्या कोपऱ्यात धुळीने माखलेले विमान नव्हते. असते तर त्याच्या मालकाचा फोन नंबर मागून घे, असे आम्ही सांगून ठेवले होते. एक गोष्ट मात्र त्याला खटकली. सही करणारा इंजिनिअर एकच होता, आणि तो पन्नाशी ओलांडलेला. तो आजारी पडला किंवा दुसरीकडे गेला तर अर्धवट विमान कोण पूर्ण करणार? लहान दुकानाची ही दुबळी बाजू आहे आणि तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

यावर भागीदारांत पुन्हा वाद झाला. मोठ्या घरात निदान दहा इंजिनिअर आहेत, असे दोघांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. आमचे मत तरीही तिसऱ्याच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर: पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. विमान आत गेल्यावर थोडे, डबे कागदांसह हाती आल्यावर थोडे, आणि मोठा हिस्सा चाचणी उड्डाण होऊन, वजन-तोलाचा नवा तक्ता आणि विमानाच्या पुस्तकात जोडावयाची पाने हाती पडल्यावर. डबे भागीदारांच्या नावाने खरेदी व्हावेत, दुकानाच्या नावाने नव्हे; म्हणजे उद्या दुकान बंद पडले तरी डबे आपले. काढलेला जुना माल परत मागावा. त्याला परदेशात अजून किंमत येते आणि तो आपल्या मालकीचा आहे. आमचे ते कंट्रोल कार्ड आठवावे.

जुने विमान घेण्याआधी हा हिशेब व्हायला हवा होता, हे आम्ही भागीदारांना आडपडदा न ठेवता कळविले आहे. २०२५ च्या सप्टेंबरपासून खाजगी वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी लागतो, म्हणून नवे परवडत नाही आणि देशातले जुने बरे, असा त्यांचा विचार होता. तो चुकीचा नाही. पण जुन्या विमानाची किंमत विचारताना पॅनेलची किंमत त्यात धरावी लागते, जसे जुने घर घेताना छताची धरतो.

एक आनुषंगिक गोष्ट लिहितो. १९४५ मध्ये टाटा आणि निजाम सरकार यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी हैदराबादला निघाली तेव्हा आपला सारा जिल्हा त्याच राज्यात होता. बेगमपेठच्या हँगरात तेव्हा डकोटा विमानांवर काम चाले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरणात ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. आज आमच्या गावातून त्या धंद्यात एक मुलगा गेला आहे. त्या तिसऱ्या दुकानात सही करणारा एकच इंजिनिअर असेल, तर तेथे दुसऱ्याची जागा रिकामी आहे, हे मामूंच्या आधी आमच्या लक्षात आले. बी-२ लायसन्सवाले तरुण मोठ्या विमान कंपन्यांकडेच धावतात. लहान विमानांच्या दुकानात पगार कमी, पण तेथे पॅनेल पहिल्या तारेपासून स्वतः बांधायला मिळते. पाच-सात वर्षांत मराठवाड्यातच असे एखादे दुकान निघू नये असे काही नाही. नांदेड-लातूरला धावपट्ट्या आहेत, बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया येथे वैमानिक शिकविणाऱ्या संस्था आहेत, त्यांची विमाने लहानच आहेत आणि त्यांचे रेडिओ खरखरतातच. आयटीआयची इलेक्ट्रॉनिक्स शाखा करून मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत बसणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या वडिलांनी या मार्गाची चौकशी करावी. शिक्षणाचा खर्च मोठा आहे, परीक्षा इंग्रजीत आहेत, लायसन्स हाती येईपर्यंत वर्षे जातात. हे लपवून कोणाला भरीस घालण्याची आमची इच्छा नाही.

भागीदारांनी तिसऱ्या दुकानाला टप्प्यांच्या पैशाची अट लिहून पाठविली आहे. दुकानदाराने दोन टप्पे मान्य केले, तिसऱ्यावर घासाघीस चालू आहे. चाचणी उड्डाणानंतर उरलेले पैसे सात दिवसांत मिळावेत असे त्याचे म्हणणे, भागीदार तीस दिवस मागतात. आम्ही पंधरा सुचविले आहेत. ४०६ चे यंत्र मात्र त्यांनी वाट न पाहता वेगळे मागविले असून ते बसेपर्यंत मुलाने विमान काढायचे नाही, असे जिनिंगवाल्यांनी त्याला बजावले आहे.